नागपूरच्या धंतोलीतली पॅथॉलॉजी लॅब, मोठेबाबांच्या फुफ्फुसाच्या गाठीचा रिपोर्ट : ५ पैकी ४ स्टार

पहिलेच सांगतो, ४ स्टार रिपोर्टचे आणि तिथल्या पॅथॉलॉजिस्ट मॅडमचे, एक स्टार कापला तो जिना, काउंटर आणि उशिराचा. ज्याला घाई आहे त्याने एवढं वाचून जावं, पण घरात कोणाच्या फुफ्फुसात गाठ निघाली असेल तर पूर्ण वाचा, कारण हे आम्हाला कोणी आधी सांगितलं असतं तर आमचे तीन महिने वाचले असते.

आम्ही राळेगाव तालुक्यातले, यवतमाळ जिल्हा. पेशंट म्हणजे माझे मोठेबाबा (बाबांचे मोठे भाऊ), वय ६१, चाळीसेक वर्षं बिडी, दिवसाला एक कट्टा तरी जायचाच. आमच्याकडे कॅन्सर म्हटलं की लोकांच्या डोक्यात खर्रा (तंबाखू-सुपारी) येतो, तोंडाचा कॅन्सर येतो, बिडीने छातीचा होतो हे माहीत असूनही खोकला म्हणजे खोकलाच समजतात. मोठेबाबांचा खोकला २०२४ च्या पोळ्याच्या आधीपासून होता, मग वजन उतरलं, मग एक दिवस थुंकीत रक्त. तालुक्याच्या एका दवाखान्यात एक्स-रे काढला, डाग दिसला, आणि थुंकीची तपासणी न करताच टीबीच्या गोळ्या सुरू झाल्या. डाग दिसला म्हणजे टीबी असं आमच्याकडे पटकन होतं, टीबी आहेच एवढा की डॉक्टरचंही तिकडंच लक्ष जातं, पण थुंकीत जंतू सापडला का हे विचारायला पाहिजे होतं आणि आम्ही कोणीच विचारलं नाही. गोळ्या खाऊन खाऊन जेवण बंद झालं, डाग तसाच. दिवाळी झाली, कापूस वेचणीला आला, तेव्हा कुठं सीटी स्कॅन झाला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात गाठ.

मग सीटीत बघून सुई टाकून तुकडा काढला. तो तुकडा जिथं गेला त्या लॅबचा रिपोर्ट आला दोन ओळींचा, नॉन स्मॉल सेल कार्सिनोमा, खाली सही. बस. आम्ही तो घेऊन नागपूरच्या कॅन्सरच्या डॉक्टरकडे गेलो तर ते म्हणाले, भाऊ, कॅन्सर आहे हे तर कळलं, पण कोणता आहे ते यात नाही, याच्यावर मी औषध ठरवू शकत नाही. त्यांनीच सांगितलं की त्या लॅबमधून ब्लॉक मागून घ्या आणि दुसरीकडे पूर्ण तपासा. ब्लॉक म्हणजे काय हे मला तेव्हा कळलं, तुकडा मेणात बसवून त्याची छोटी वडी करून ठेवतात, त्याच्यातून पातळ पातळ काप काढून काचेवर रंगवतात. ती वडी मागितली तर मिळते. पहिल्या लॅबने दोन चकरा मारायला लावल्या पण दिली.

तर असा मी ब्लॉक खिशात घालून या लॅबमध्ये पोचलो. सकाळी पहिल्या एसटीने निघालो, वर्ध्याला गाडी बदलली, धंतोलीत पोचेपर्यंत दुपारच झाली. लॅब तिसऱ्या माळ्यावर, लिफ्ट बंद. मी चढलो, पण नंतर मोठेबाबांना आणलं तेव्हा ते प्रत्येक माळ्यावर बसत बसत वर आले, फुफ्फुसाचे पेशंट जिथं येतात तिथं लिफ्ट बंद असणं हे चांगलं नाही, तिथं हे लिहून द्यायला वही असती तर लिहिलं असतं. वर खुर्च्या सहा आणि माणसं वीस. काउंटरवरचा पोट्टा तुटक बोलतो, खेड्यातून आलेल्या माणसाने फॉर्म भरताना दोनदा विचारलं की तोंड वाकडं करतो.

पण एक गोष्ट त्याच पोट्ट्याची सांगायला पाहिजे. माझ्या पुढं हिंगणघाटकडचे एक जण डबीत तुकडा घेऊन आले होते, तर त्याने पहिलेच विचारलं, कशात आणलाय? ते म्हणाले, सलाइनमध्ये. तो लगेच उठला, डबी आत नेऊन दिली, आतून मॅडम स्वतः आल्या आणि त्यांना समजावलं की तुकडा काढल्याबरोबर फॉर्मालिनमध्ये टाकायचा असतो, १० टक्केवालं, तुकड्याच्या किमान दहापट तरी, नाहीतर तो कुजायला लागतो, आणि कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास त्यात राहिला तर पुढच्या जीन टेस्ट नीट येतात. जिथं बायोप्सी होते तिथं नातेवाईकाच्या हातात डबी देतात आणि तो एसटीत मांडीवर घेऊन बसतो, काय आहे कशात आहे त्याला माहीत नसतं. तेव्हा डबी हातात आली की विचारा, फॉर्मालिन टाकलंय ना.

आता रिपोर्टचं. पाच दिवसात देऊ म्हणाले, नववा दिवस लागला. फोन केला तर उद्या, उद्या. मेसेजमध्ये लिंक पाठवली ती आमच्या गावात उघडलीच नाही, शेवटी मी परत गेलो. मॅडमनी मला आत बोलावलं, मोठेबाबांना आणलं नाही का विचारलं, मी म्हटलं नाही, पहिले मला सांगा. त्या रागावल्या नाहीत, पण म्हणाल्या, पुढच्या वेळी आणा भाऊ, त्यांचा आजार आहे, त्यांना कळलं पाहिजे.

मग त्यांनी मायक्रोस्कोपच्या बाजूच्या स्क्रीनवर काच दाखवली. फुफ्फुसाचा कॅन्सर मोठा दोन प्रकारचा, स्मॉल सेल आणि बाकी सगळे. शंभर पेशंटमध्ये साधारण १५ स्मॉल सेल, ८५ नॉन स्मॉल सेल. स्मॉल सेल म्हणजे छोट्या छोट्या गर्द निळ्या पेशी एकमेकींना चिकटून, त्या लय वेगाने वाढतात, बहुतेक वेळा सापडतो तेव्हाच पसरलेला असतो, ऑपरेशन क्वचितच होतं, किमोने सुरुवातीला पटकन बसतो पण परत उठतो. नॉन स्मॉल सेलमध्ये दोन मुख्य, अ‍ॅडिनो आणि स्क्वॅमस. आणि हेच आधीच्या रिपोर्टमध्ये नव्हतं. नुसत्या डोळ्याने ओळखता येत नसेल तर वेगळे रंग लावतात, त्याला आयएचसी म्हणतात. टीटीएफ-१ चढला आणि पी४० नाही चढला तर अ‍ॅडिनो, उलटं असेल तर स्क्वॅमस. मोठेबाबांचा टीटीएफ-१ सगळ्या पेशींमध्ये तपकिरी दिसत होता, पी४० कोरा. अ‍ॅडिनोकार्सिनोमा.

एवढ्याने काय फरक पडतो असं मला वाटलं होतं, मी विचारलंही. फरक हा की अ‍ॅडिनोमध्ये काही जणांच्या पेशीत ईजीएफआर नावाच्या जीनमध्ये बिघाड असतो, कोणाच्यात एएलके, कोणाच्यात आरओएस-१, आणि तो सापडला तर त्याच्यावर गोळी आहे, स्क्वॅमसमध्ये हे क्वचित असतं. आणि किमोमधलं एक औषध अ‍ॅडिनोला चालतं, स्क्वॅमसला त्याचा उपयोग होत नाही. म्हणजे दोन ओळींच्या रिपोर्टवर कोणी औषध सुरू केलं असतं तर अंदाजानेच केलं असतं. ईजीएफआर बिडी-सिगरेट न ओढणाऱ्यांत जास्त सापडतो, म्हणून मला वाटलं चाळीस वर्षं बिडी ओढणाऱ्याची टेस्ट करून काय उपयोग, पैसे वाया. मॅडम म्हणाल्या, ओढणाऱ्यांतही सापडतो, अ‍ॅडिनो आहे तर करायचीच. आणि त्यांनी पहिल्यापासून तुकडा जपून वापरला होता, दोनच रंग लावले, बाकी जीन टेस्टसाठी ठेवला. सुईचा तुकडा केसासारखा असतो, दहा रंग लावत बसले की टेस्टला काही उरत नाही आणि पेशंटला परत सुई. त्यांचं हे मला सगळ्यात जास्त आवडलं. आलं ईजीएफआर पॉझिटिव्ह, एक्झॉन १९ चा, म्हणजे त्या जीनच्या १९ नंबरच्या तुकड्यात बिघाड. रंग आणि जीन टेस्ट मिळून आम्हाला दोन-अडीच क्विंटल कापसाचे पैसे लागले, तेव्हा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ७५२१ रुपये होता आणि व्यापारी त्याच्याही खाली मागत होता, त्यावरून हिशोब करा.

गाठ एकाच जागी होती, पेट स्कॅनमध्ये दुसरीकडे काही दिसलं नाही, म्हणून जानेवारी २०२५ मध्ये ऑपरेशन झालं, उजव्या फुफ्फुसाचा वरचा पूर्ण भाग काढला. मी हट्ट करून तो नमुना याच लॅबला पाठवला.

हा दुसरा रिपोर्ट तीन पानांचा. सगळं ठरलेल्या रकान्यात, एकही रकाना रिकामा नाही. यावेळी मोठेबाबा सोबत होते, जिना चढून घामाने भिजलेले. मॅडमनी त्यांना पाणी दिलं, बसवलं, आणि त्यांच्याशीच बोलल्या, माझ्याशी नाही.

गाठ २.६ सेंमी. टी म्हणजे मूळ गाठ किती मोठी, कुठवर गेली त्याचा नंबर, ३ सेंमीच्या आत म्हणजे टी-१, चांगलं. मी खूश झालो. पण पुढच्या रकान्यात होतं की फुफ्फुसावर जो पातळ पापुद्रा असतो, प्लुरा म्हणतात, त्याच्या लवचिक थरातून गाठ पलीकडे गेली होती. साध्या रंगात ते नीट दिसत नाही, त्यासाठी वेगळा रंग लावावा लागतो आणि त्यांनी तो लावला. तेवढ्याने टी-१ चा टी-२ झाला, आणि स्टेज वन-ए ऐवजी वन-बी. मी विचारलं, एवढ्याशा पापुद्र्याने? त्या म्हणाल्या, जगभरच्या हजारो पेशंटच्या हिशोबात वन-ए च्या या गटात १०० पैकी साधारण ८० जण पाच वर्षं पार करतात, वन-बी मध्ये ७३. त्याच्या पुढं दोन-ए ६५, दोन-बी ५६, तीन-ए ४१. हे स्टेज ठरवायच्या नियमांच्या आठव्या आवृत्तीचे, ऑपरेशन झालेल्या पेशंटचे आकडे. आता जानेवारी २०२५ पासून नववी आवृत्ती आली, त्यात छातीच्या मधल्या भागातल्या लिम्फच्या गाठींचे (या सगळ्यांच्याच शरीरात असतात, कॅन्सर पसरताना यांच्यात जाऊ शकतो) दोन वेगळे गट केलेत, एका ठिकाणच्या गाठीत कॅन्सर असेल तर वेगळं, जास्त ठिकाणी असेल तर वेगळं, पण मोठेबाबांच्या स्टेजला त्याने फरक पडत नव्हता.

लिम्फच्या गाठी १३ काढल्या होत्या, तेराही साफ, एकीतही कॅन्सर नाही. मॅडम म्हणाल्या, या रिपोर्टमधली सगळ्यात चांगली ओळ हीच आहे काका. फुफ्फुसाच्या मुळातल्या लिम्फच्या गाठीत कॅन्सर आला असता तर स्टेज दोन-बी, छातीच्या मध्यात गेला असता तर तीन. आणि गाठी मोजणंही महत्त्वाचं, दोन-तीनच तपासल्या आणि साफ आहे म्हटलं तर त्याच्यावर भरोसा ठेवता येत नाही. कापलेली कड पण साफ, गाठीपासून २ सेंमी दूर.

मग ग्रेड. इथं मोठेबाबांनी स्वतः समजून घेतलं आणि मला अजून तो क्षण आठवतो. अ‍ॅडिनोमध्ये पेशी एकाच पद्धतीने वाढत नाहीत, काही ठिकाणी फुफ्फुसाच्या भिंतीला धरून पसरतात ते सगळ्यात सौम्य, काही गोल गोल नळ्या करून, ते मधलं, काही नुसते ठोकळे किंवा बारीक झुबके, ते वाईट. रिपोर्टमध्ये टक्के लिहिले होते, नळ्या ६०, भिंतीला धरून १५, ठोकळे २५. मी म्हटलं, नळ्या जास्त आहेत, मग मधला ग्रेड. मॅडम म्हणाल्या, नाही, वाईटवाले २० टक्के किंवा जास्त असले की पूर्ण गाठ ग्रेड ३ धरतात, २०२० पासूनची ही पद्धत आहे. तेव्हा मोठेबाबा म्हणाले, "समजलं. ढिगात पाचवा हिस्सा कवडी निघाली का ग्रेडर सगळ्याच ढिगाचा भाव पाडते, तसं." मॅडमना कवडी म्हणजे काय ते माहीत नव्हतं, मोठेबाबांनी सांगितलं, बोंडअळीने खाल्लेला, डाग पडलेला कापूस. त्यांनी मान हलवली आणि म्हणाल्या, बरोबर तसंच.

अजून एक रकाना होता, स्टास. कॅन्सरच्या पेशींचे काही पुंजके मुख्य गाठीपासून सुटून आजूबाजूच्या हवेच्या पिशव्यांत दिसतात, ते. मोठेबाबांच्यात होते. याने परत येण्याचा धोका वाढतो, खास करून जर फुफ्फुसाचा छोटाच तुकडा कापला असेल तर. पूर्ण भाग काढला होता म्हणून त्यातल्या त्यात बरं. हा रकाना मी नंतर गावातल्या दुसऱ्या एका पेशंटच्या रिपोर्टमध्ये शोधला, तिथं नव्हताच, ना आहे ना नाही.

मोठेबाबांनी शेवटी विचारलं, "मॅडम, मले सरळ सांगा, कितीक दिवस हायेत?" मी जमिनीकडे बघत होतो. त्या म्हणाल्या, काका, ७३ हा आकडा शंभर माणसांचा आहे, तुमचा नाही. तुमच्याकडे दोन गोष्टी वाईट आहेत, पापुद्रा आणि ग्रेड, त्यात स्टास धरा. चांगल्या पण आहेत, लिम्फच्या गाठी साफ, कड साफ, आणि ईजीएफआर सापडलाय, त्याच्यावर ऑपरेशननंतर द्यायची गोळी आहे. कोणतं औषध द्यायचं ते तुमचे डॉक्टर ठरवतील, मी फक्त काचेवर काय दिसलं ते सांगते. कोणी आमच्याशी इतकं सरळ बोललं नव्हतं. ना खोटा धीर, ना भीती. मोठेबाबा जिना उतरताना एकदाही बसले नाहीत, आणि खाली आल्यावर म्हणाले, चाल, भूक लागली, तर्री-पोहे खाऊ. तीन महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून काही खायला मागितलं.

डॉक्टरांनी हाच रिपोर्ट समोर ठेवून ओसिमर्टिनिब नावाची ती गोळी सुरू केली, रोज एक, तीन वर्षं. त्यांनी सांगितलं की ऑपरेशन झालेल्या ईजीएफआरवाल्या पेशंटवर मोठा अभ्यास झालाय, वन-बी ते तीन-ए, त्यात पाच वर्षांनी गोळीवाल्यांत ८८ टक्के जिवंत होते आणि बिनगोळीवाल्यांत ७८. महाग आहे. २०२४ च्या जुलैच्या बजेटमध्ये कॅन्सरच्या ज्या तीन औषधांची कस्टम ड्युटी माफ झाली त्यात ही पण आहे, तरी शेतकऱ्याच्या घराला महागच. ती कशी चालू आहे ते इथं लिहीत नाही, पण चालू आहे. बिडी बंद आहे, ऑपरेशनच्या आधीच सोडली.

रिपोर्ट पूर्ण इंग्रजीत असतो ही माझी अजून एक तक्रार. मॅडम समजावतात पण त्या रोज नसतात, आणि ज्याच्या घरात शिकलेला पोरगा नाही त्याने तीन पानं घेऊन कुठं जायचं? सोबत मराठीत अर्धं पान जरी दिलं, प्रकार काय, स्टेज काय, गाठी साफ का नाही, तरी लय झालं. मी हे मॅडमना बोललो, त्यांनी लिहून घेतलं. काउंटरचं पण सांगितलं.

जाणाऱ्यांसाठी, मॅडम भेटायच्या असतील तर आधी फोन करून दिवस विचारा, शनिवारी दुपारनंतर जाऊ नका, काउंटर बंद होतं आणि ब्लॉक मिळत नाही. जुन्या लॅबचा ब्लॉक आणि काचा दोन्ही न्या, नुसत्या काचा नेल्या तर जीन टेस्ट होईलच असं नाही. पैसे फोनवरून घेतात, पण वर नेटवर्क कमी येतं, थोडे रोख ठेवा. पेशंट थकलेला असेल तर त्याला खाली चहाच्या टपरीजवळ बसवा आणि तुम्ही वर जाऊन नंबर लावा, नंबर आला की मगच वर न्या. आणि रिपोर्ट झाल्यावर ब्लॉक परत मागून घ्या, पावतीवर नंबर लिहून देतात, पुढं आजार परत उठला तर डॉक्टर तोच जुना ब्लॉक मागतात. आमचा गोदरेजच्या कपाटात आहे, सातबाराच्या फायलीसोबत, मोठीआईने रुमालात बांधून ठेवलाय, उन्हाळ्यात मेण वितळेल म्हणून तिने तो खालच्या खणात हलवला.